डॉकेट नंबर घेतला का?

वाचकांचे प्रश्न : फोन, फायबर आणि सरकारी दाखले

मी १९७९ साली कोल्हापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पुढे खात्याची परीक्षा देऊन ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर झाले. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस गावच्या ग्रामपंचायतीत लोकांचे अर्ज भरून द्यायला बसते. या महिन्यात आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा सांगतात, त्यांनी फोनसाठी १९८४ मध्ये अर्ज केला आणि फोन घरी आला १९९२ मध्ये. आज सिमकार्ड बघता बघता सुरू होतं. तेव्हा एवढा उशीर का लागायचा? आणि मग सगळं बदललं कशानं?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आजोबांचं गणित बरोबर आहे. आठ वर्षं थांबलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. अनेकांना वाटतं की कर्मचारी काम करत नव्हते म्हणून उशीर व्हायचा. आत बसून मला दिसलं ते असं. फोन द्यायचा तर एक्स्चेंजमध्ये एक मोकळी लाइन हवी आणि तिथून घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी हवी. तिला आम्ही पेअर म्हणायचो. पाचशे लाइनच्या एक्स्चेंजमध्ये पाचशे एकाव्या माणसाला जागाच नसते. एक्स्चेंज वाढलं तर केबलमध्ये पेअर शिल्लक नसे, पेअर मिळाली तर फोनचं यंत्र बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यातून यायची वाट. शिवाय फोन ही चैन, असं धोरण ठरवणाऱ्यांनी बरीच वर्षं मानलं, त्यामुळे योजनांमध्ये त्याच्या वाट्याला पैसा थोडा यायचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे ८० हजार फोन होते. १९९१ मध्ये ते ५० लाखांच्या आसपास गेले, तरीही शंभर माणसांमागे एक फोन पुरा पडत नव्हता.

ज्यांच्याकडे फोन नव्हता ते आमच्याकडे यायचे, ट्रंक कॉल लावायला, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा परगावचा फोन. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल. लाइटनिंगला साध्या कॉलच्या आठपट पैसे पडत. एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एक गृहस्थ सकाळी सायकल मारत आले होते. भाऊ मुंबईत गिरणीत कामाला. त्याच्या चाळीखालच्या दुकानातला नंबर चिठ्ठीवर लिहून आणलेला. पीपी कॉल बुक केला, म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलणं सुरू. पाच तास ते बाकावर बसून होते. दुपारी लाइन मिळाली, भाऊ चाळीतून खाली आला आणि यांच्या तोंडून एक मिनिटभर 'हॅलो'च्या पुढे शब्द फुटेना. आई गेल्याचं सांगायचं होतं. 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?' हे वाक्य आवाज सपाट ठेवून बोलायचं, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी मी ते उशिरा बोलले.

आता बदल कशाने झाला. तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट सी-डॉट. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था उभी केली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात आपल्या देशाला चालेल असं एक्स्चेंज बनवायचं होतं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची, आणि खेड्यात तर दिवसातून कितीदा वीज जायची. सी-डॉटचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज साध्या खोलीत, धुळीत, उन्हाळ्यातही चालत राही. पहिलं बसलं ते जुलै १९८६ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. आम्ही त्याला रॅक्स म्हणायचो. आमच्या भागात ते आलं तेव्हा मी त्याचं दार उघडून बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. कपाटाएवढं यंत्र, आत आपल्या देशातल्या माणसांनी आखलेली कार्डं. एखादं कार्ड बिघडलं तर ते ओढून काढायचं आणि दुसरं बसवायचं. परदेशातून कुणी यायची वाट बघावी लागत नव्हती.

दुसरी गोष्ट एसटीडी-पीसीओ. काउंटरवरचं मीटर, काचेची खोली आणि पिवळी पाटी आपल्या सगळ्यांना आठवते. त्यामागचा विचार मोठा होता. प्रत्येक घरात फोन देता येत नाही, तर प्रत्येक घरातल्या माणसाला फोनपर्यंत पोचता येईल असं करू. चालवणाऱ्याला बिलावर कमिशन मिळे आणि बूथ देताना अपंग व्यक्तींना प्राधान्य असे. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा. त्या वेळी एसटी स्टँडवरच्या बूथसमोर मुंबई-पुण्याला फोन लावायला उभ्या राहिलेल्या बायका मला आठवतात, मुलं खांद्यावर झोपलेली.

तिसरी गोष्ट मोबाइल, पण तिथे मी तंत्रज्ञानाला पहिला मान देणार नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले, तो देशातला पहिला कॉल. पुढची काही वर्षं मात्र येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत तो असा फोन घेईलच कसा? १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचं ठोक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायची पद्धत आणली, त्यामुळे दर उतरायला लागले. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि त्या दिवसापासून मोबाइल मजुराचा झाला. कारण त्याला काम हवं होतं आणि कामाचा फोन बाहेरून यायचा. बांधकामावरचा गवंडी, भाजीवाली, वडापचा ड्रायव्हर, सगळ्यांकडे फोन आला. 'पोचलो' म्हणून सांगायचं तर एक मिस्ड कॉल पुरे, त्यात एक पैसाही जात नव्हता.

२०१५ मध्ये देशातल्या फोन जोडण्या १०० कोटींच्या पुढे गेल्या. पण आजोबांना हेही सांग की शहरात शंभर माणसांमागे एकशे तीसच्या वर जोडण्या आहेत आणि खेड्यात अजून साठच्या आसपास. वाट पाहणारी माणसं आजही आहेत. फरक इतकाच की आता त्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत.

प्रश्न : शाळेत असताना 'वारणा वायर्ड व्हिलेज'बद्दल खूप ऐकलं होतं. आता कुणी नावही काढत नाही. तो प्रयोग फसला का?
— एक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सर, 'फसला' हा शब्द मला पटत नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक पोचवायचे, हे तेव्हा धाडस होतं. केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह एकत्र आले होते. मी त्या काळी वारणा खोऱ्यात लाइनच्या कामाला जायचे. गावच्या संगणकापाशी शेतकरी काय विचारत? माझ्या उसाची नोंद झाली का, तोड कधी येणार, काट्यावर वजन किती भरलं, बिल कधी. पूर्वी एवढ्यासाठी कारखान्यावर खेटे घालावे लागत, दिवस मोडायचा. तो दिवस वाचला, ही मोठी गोष्ट होती.

सातबारा, दाखले, बाजारभाव, शेतीचा सल्ला हे जे स्वप्न होतं ते मात्र त्या संगणकांवर फारसं उतरलं नाही. माझ्या मते कारण साधं होतं. उसाच्या वजनाचा मालक कारखाना आणि संगणकही त्याच्याच कारभाराशी जोडलेला, त्यामुळे विचारलेल्याचं उत्तर तिथेच मिळे. सातबाऱ्यावर सही तलाठ्याची आणि दाखल्यावर तहसीलदाराची. १९९८ मध्ये संगणकावरच्या सहीला कायद्यात जागाच नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २००० पासून. म्हणजे गावात पडद्यावर काहीही दिसलं तरी कागदासाठी तालुका गाठावाच लागे.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत आहे. २००६-०७ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी वारणेतल्या सात गावांत गावचा संगणक बाजूला ठेवून तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उसाचा हिशोब उत्तरात यायचा. यंत्र लहान झालं, खर्च उतरला आणि शेतकऱ्याला हवं ते मिळालं. तुमच्या वर्गात हे जरूर सांगा. लोकांना संगणक हवा नव्हता, काट्याचं वजन हवं होतं.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. ऑनलाइन काढलेला सातबारा बँकेत चालतो का, की तलाठ्याची सही लागतेच?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डिजिटल सहीचा सातबारा चालतो, त्यावर वेगळी सही-शिक्का लागत नाही. आपल्या राज्यात तो १ मे २०१८ पासून मिळायला लागला. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून उतरवून घ्या. फुकट दिसणारी जी साधी प्रत असते ती फक्त माहितीसाठी, ती घेऊन बँकेत जाऊ नका. बँकेतल्या कुणी शंका काढलीच तर कागदावरचा पडताळणी क्रमांक तिथल्या तिथे तपासायला सांगा. वरच्या पत्रातल्या सरांना सांगितलेला कायदा २००० चा. त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात हा कागद पडायला अठरा वर्षं लागली.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. गावातल्या केंद्रावर अर्ज देऊन तीन आठवडे झाले. गेलं की 'सर्व्हर डाऊन आहे', 'साहेबांची सही बाकी आहे' एवढंच सांगतात. पैसे घेतले, पावती दिली नाही. आता कुणाकडे जाऊ?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आज संध्याकाळीच केंद्रावर जा आणि एकच गोष्ट मागा : अर्ज क्रमांक. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते, डॉकेट नंबर घेतला का? शब्द आमच्या टेलिफोनमधला आहे. फोन बंद पडला की लोक १९८ लावायचे आणि तक्रार नोंदवून घेणारी ऑपरेटर डॉकेट नंबर द्यायची. तो नंबर पडला की तक्रार माझ्या टेबलावर आली, आणि बंद करायची तर लाइनमनने त्या घरी जाऊन, तिथून टेस्ट डेस्कला फोन लावून 'चालू झाला' म्हणायला हवं. ज्यांनी मला रस्त्यात अडवून तोंडी सांगितलं त्यांचे फोन दुरुस्त करायचे माझ्याकडूनही राहून गेले आहेत, याची मला आजही खंत वाटते. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. नंबर पडला की काम कुणाच्या तरी नावावर चढतं.

तुमच्या बाजूने कायदाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्यात कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा आणि कोणी द्यायचा हे ठरवून दिलेलं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस. ज्याने द्यायचा त्याला पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. मुदत सगळे कागद पूर्ण जोडलेल्या दिवसापासून मोजतात, म्हणून अर्ज खरोखर पोर्टलवर चढलाय की केंद्रचालकाच्या फाइलमध्येच पडलाय, हे आधी पाहा. ज्या अर्जाला क्रमांक नाही तो सरकारच्या लेखी दिलेलाच नाही, असं समजा.

क्रमांक हातात आला आणि मुदत उलटलेली दिसली, तर 'आपले सरकार' पोर्टलवरूनच पहिलं अपील करता येतं. ते ३० दिवसांच्या आत करायचं. तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि त्यानंतर तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर केला असेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझा अनुभव असा की 'अपील करू का?' एवढं शांतपणे विचारलं तरी पुष्कळदा काम मार्गी लागतं. भांडू नका. केंद्रावरचा मुलगा बहुतेक वेळा तुमच्याइतकाच अडकलेला असतो, पोर्टल अडलं की शिव्या तोच खातो. पण पैशाची पावती न देणं चूक आहे, ती घेतल्याशिवाय उठू नका. दरफलक केंद्रात लावलेला असायला हवा, रक्कम त्याच्याशी ताडून पाहा.

आणि सोबत मुलीच्या कॉलेजात अर्ज क्रमांकाची प्रत देऊन मुदत मागा. काही प्रवेशांमध्ये दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती तात्पुरती धरतात. तुमच्या प्रवेशाला हे चालतं का, ते माहितीपुस्तिकेत बघा.

प्रश्न : रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही. ओटीपी घ्यावा तर आधारला दिलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी बंद पडला. मुलगा म्हणतो, तो नंबर आता दुसऱ्याच माणसाकडे लागतो. वय ७१.
— एक शेतकरी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दादा, पत्र तुमच्या जिल्ह्यातून आलं म्हणून मन जास्तच गलबललं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी तुमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. जिथे सुरुवात झाली तिथल्या माणसाला अंगठ्यापायी धान्याला मुकावं लागू नये.

अंगठा उठत नाही यात तुमचा काही दोष नाही. आयुष्यभर कुदळ-खुरपं धरलेल्या हातावरच्या रेषा झिजतातच. माझ्यासमोर ऊसतोडीच्या बाया येतात, त्यांचीही हीच गत. आधी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरी बोटं लावून पाहा. दहातलं एखादं बोट बरेचदा चालतं. ते नाही झालं तर डोळ्याचं स्कॅन आहे का ते विचारा, किंवा कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा लावा. तेही नाही जमलं तरी दुकानदाराला तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने स्पष्ट कळवलं आहे की ओळख पटण्यात तांत्रिक अडचण आली तर नोंदवहीत लिहून, दुसऱ्या मार्गाने लाभ द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही यंत्रामुळे कुणी हक्कापासून वंचित राहू नये, हा मुद्दा आहे. दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता मोबाइल. हे काम उद्यावर टाकू नका. सलग ९० दिवस काहीच वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. म्हणजे तुमचा ओटीपी आज एका अनोळखी माणसाच्या फोनवर पडतो आहे. मुलाला घेऊन आधार केंद्रावर किंवा ज्या पोस्टात आधारचं काम चालतं तिथे जा, नवा नंबर जोडायला कागदपत्र लागत नाही. मग तोच नंबर बँकेतही बदलून घ्या. लोक आधारला बदलतात आणि बँकेला विसरतात.

प्रश्न : एसटीत फोन चोरीला गेला. सिम बंद केलं. हँडसेट बंद करता येतो का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : येतो. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घ्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर हँडसेटचा आयएमईआय क्रमांक टाकून तो बंद करा. मग त्यात कुठलंही सिम चालत नाही. क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो. ज्यांचा फोन अजून हातात आहे त्यांनी आजच स्टार-हॅश-०६-हॅश दाबून तो वहीत लिहून ठेवा. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही कळतं, ते पाहाच.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. सरकारी फायबरचा डबा भिंतीवर बसवून काही वर्षं झाली. रस्ता रुंदीकरण झाल्यापासून इंटरनेट बंद आहे. दाखल्यांचं काम मी स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करतो, रिचार्ज माझ्या खिशातून. लोक मलाच बोलतात. नक्की कुठे बिघडलंय हे तरी कसं ओळखू?
— एक संगणक परिचालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सरकारच्या सगळ्या ऑनलाइन योजना शेवटी तुमच्यासारख्यांच्या खिशातल्या रिचार्जवर चालतात, हे मी माझ्या ग्रामपंचायतीतही बघते आणि ते मला सहन होत नाही. म्हणून या महिन्यातलं सर्वांत सविस्तर तांत्रिक उत्तर तुम्हाला.

आधी ही लाइन येते कुठून ते समजून घ्या. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचं ठरवलं, पुढे त्याचंच नाव भारतनेट झालं. तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र असतं, ओएलटी. तिथून फायबर निघतं, वाटेत त्याला फाटे फुटतात आणि एक तंतू तुमच्या भिंतीवरच्या डब्यात येतो. तो डबा म्हणजे ओएनटी. पहिल्या टप्प्यात ही मांडणी झाडाच्या फांद्यांसारखी झाली. बुंध्यापाशी कुऱ्हाड पडली की पुढची सगळी गावं बंद. तांब्याच्या काळात आम्ही हेच भोगलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात फांद्यांऐवजी कडं करायचं आहे. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. आणि दहा वर्षांच्या देखभालीचाही त्यात विचार आहे. मला या दुसऱ्या गोष्टीचा आनंद जास्त झाला. नोकरीत मी पुष्कळ उद्घाटनं पाहिली, पण लाइन पाचव्या वर्षी कोण बघणार, हे फलकावर कधी लिहिलेलं नसायचं.

फायबर खरं म्हणजे १६५ सेंटिमीटर खोल पुरायचं असतं. कातळ लागला की काही ठिकाणी तेवढं खोल जात नाही, आणि मग रस्त्याच्या कामाचा जेसीबी आला की पहिला घाव केबलवर बसतो. तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो किती वेळात परत आला यावरून तूट किती मीटरवर आहे ते सांगतं. मग खड्डा करून, तंतू साफ करून स्प्लायसिंग मशीनने जोडतात. काम अर्ध्या दिवसाचं असतं. वेळ जातो तो 'तुटलंय की डबाच बिघडलाय' यावर दोन पथकं एकमेकांकडे बोट दाखवतात त्यात. ते तुम्ही थांबवू शकता.

डब्यावरचे दिवे बघा. सगळेच विझलेले असतील तर भानगड विजेची. अडॅप्टर, बॅटरी, सोलरची जोडणी तपासा. मी गेलेल्या अनेक ठिकाणी डब्याचा प्लग काढून तिथे पंखा लावलेला निघाला. पॉवरचा दिवा आहे आणि 'लॉस' नावाचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश तुमच्यापर्यंत येतच नाही. तेव्हा फायबर तुटलंय, किंवा डब्यामागची पिवळी बारीक कॉर्ड दुमडली आहे. कॉर्ड उंदीर कुरतडतात, तीही पाहा. तिच्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, हे हात जोडून सांगते, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो. 'पॉन'चा दिवा हिरवा आणि स्थिर आहे, तरी इंटरनेट नाही, तर तार ठीक आहे. दोष पुढच्या सेटिंगमध्ये किंवा तालुक्याकडच्या यंत्रात आहे.

शेजारच्या दोन ग्रामपंचायतींच्या परिचालकांना फोन करून त्यांचे दिवेही विचारा. तिघांकडेही लाल असेल तर तूट तिघांच्या अलीकडे, तालुक्याच्या बाजूला आहे. फक्त तुमच्याकडे असेल तर ती तुमच्याच फाट्यावर. मग तक्रार करताना 'नेट बंद आहे' असं लिहू नका. लिहा की अमुक तारखेपासून लॉस लाल आहे, पॉवर ठीक आहे, अमुक किलोमीटरजवळ रस्त्याचं खोदकाम झालं. असं लिहिलं की थेट ओटीडीआर घेतलेला माणूसच पाठवावा लागतो. पत्र सरपंचांच्या सहीने द्या, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. आणि हॉटस्पॉटच्या रिचार्जची बिलं जपून ठेवा, मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद घ्यायला सांगा.

आज दुपारी डब्यासमोर उभे राहा. कोणता दिवा लागलाय, शेजारच्या दोन गावांत कोणता आहे आणि तक्रारीचा नंबर काय मिळाला, एवढं मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या अंकातलं पहिलं उत्तर तुमचं असेल.